लाइट संपल्यानंतरचं तोंड

प्रस्तावना

तोंडाच्या किंवा घशाच्या कॅन्सरवर उपचार घेऊन माणूस मुंबईहून गावी परततो, तेव्हा घरात पहिली गडबड उडते ती त्याच्या जेवणाची. दोन महिने दादरच्या धर्मशाळेत, नाहीतर लालबाग-परळच्या एखाद्या नातलगाच्या खोलीत काढलेले असतात. वजन उतरलेलं असतं, गळ्याची कातडी काळवंडलेली असते. घरी बांगड्याचं तिखलं रटरटतं, गरम भात वाढला जातो, आणि तो दुसऱ्या घासालाच थांबतो. "भात घशाखाली उतरणा नाय." घरच्यांना वाटतं भूक मेली, धास्ती घेतली, मन रमत नाही. भूक तर असते. फक्त तो घास भिजवायला तोंडात लाळ नसते.

हे पुस्तक त्या कोरडेपणाबद्दल आहे. मी दातांचा डॉक्टर. सिंधुदुर्गात, समुद्राच्या या पट्ट्यातच माझी उमेदीची वर्षं गेली. लाइट, म्हणजे किरणोपचार, घेऊन आलेली माणसं माझ्याकडे येतात ती बहुतेक वेळा उशिरा, दात हलायला किंवा तुटायला लागल्यावर. त्यांच्याशी बोलताना एक गोष्ट फार जाणवते. कॅन्सरबद्दल त्यांना पुष्कळ सांगितलेलं असतं, ऑपरेशनबद्दल सांगितलेलं असतं, केस जातील का, कातडी जळेल का, याबद्दलही. लाळेबद्दल मात्र एखादं वाक्य कानावर पडलेलं असतं आणि तेही फॉर्मवर सही करण्याच्या घाईत. जीव वाचला ना, मग तोंड कोरडं पडलं तर काय मोठंसं, असं घरचे म्हणतात आणि रुग्णही स्वतःला तेच समजावतो. मला ते मान्य नाही. वाचलेल्या जिवाला पुढची वीस-तीस वर्षं याच तोंडाने जेवायचं, बोलायचं, झोपायचं असतं. म्हणून या पुस्तकाला प्रस्तावना लिहायची विनंती आली तेव्हा मी ताबडतोब होकार दिला.

लाळ ही आपल्याला फुकटची गोष्ट वाटते. निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. तिच्यात ९९ टक्के पाणीच असतं. उरलेल्या एका टक्क्यात मात्र बरंच काही सामावलेलं आहे: भाताचं पचन तोंडातच सुरू करणारं अमायलेज, घासाला गुळगुळीतपणा देणारी म्युसिन नावाची प्रथिनं, जंतूंना आवर घालणारे पदार्थ, आम्ल मारणारं बायकार्बोनेट, आणि दाताचं झिजलेलं कवच रोज थोडंथोडं भरून काढणारं कॅल्शियम आणि फॉस्फेट. चवसुद्धा लाळेवाचून कळत नाही, कारण पदार्थ विरघळल्याशिवाय तो जिभेवरच्या चवीच्या कळ्यांपर्यंत पोचत नाही.

ही लाळ येते ग्रंथींच्या तीन मोठ्या जोड्यांमधून. कानाच्या पुढे आणि खाली असते ती पॅरॉटिड, म्हणजे गालगुंड झाल्यावर सुजते ती. जबड्याच्या हाडाखाली सबमँडिब्युलर, आणि जिभेखाली सबलिंग्वल. शिवाय ओठ, गाल आणि टाळू यांच्या अस्तरात शेकडो बारीक ग्रंथी विखुरलेल्या असतात. एवढ्या ओळखीच्या इलाख्यातही अजून नवं सापडतं: नेदरलँड्समधल्या कॅन्सर संस्थेच्या डॉक्टरांनी २०२० मध्ये नाकामागे, घशाच्या वरच्या टोकाशी, आधी कुणी नीट न नोंदवलेली लाळग्रंथींची एक जोडी दाखवून दिली. कामाची वाटणीही ध्यानात ठेवण्यासारखी आहे. जेवताना येणारी पातळ, भरपूर लाळ मोठ्या प्रमाणात पॅरॉटिडची असते. बाकीचा वेळ, झोपेतसुद्धा, तोंड ओलं राहतं ते मुख्यतः जबड्याखालच्या ग्रंथीमुळे. त्यामुळे एक रुग्ण म्हणतो, घास उतरत नाही, आणि दुसरा म्हणतो, जेवण जमतं पण रात्री तीनदा उठून पाणी प्यावं लागतं. तेव्हा दोघांच्या वेगवेगळ्या ग्रंथी दुखावलेल्या असण्याची शक्यता असते.

डोकं आणि मानेच्या कॅन्सरला बहुधा ६० ते ७० ग्रे इतका किरणांचा डोस लागतो. रोज सुमारे २ ग्रे, सोमवार ते शुक्रवार, असे सहा ते सात आठवडे. गाठ आणि मानेतल्या लसिका गाठी यांच्यावर नेम धरला, तरी लाळग्रंथी त्यांना इतक्या चिकटून आहेत की त्या किरणांच्या वाटेत येतातच. इथे निसर्गाचं एक कोडं आहे. फ्रान्समधल्या बेर्गोनिये आणि त्रिबोंदो या दोघांनी १९०६ मध्ये एक नियम मांडला: ज्या पेशी भराभर विभागतात, त्यांनाच किरण आधी मारतात. कॅन्सरवर किरण चालतात ते याच आधारावर. लाळग्रंथीतल्या पेशी मात्र सावकाश विभागणाऱ्या आहेत. नियमाप्रमाणे त्या शाबूत राहायला हव्या होत्या. प्रत्यक्षात पहिल्याच आठवड्यात लाळ निम्म्यावर येऊ शकते. किरणांचा लाळग्रंथींवरचा हा परिणाम १९११ मध्ये नोंदवणाऱ्यांत स्वतः बेर्गोनियेच होते.

आधी जाते ती पातळ, पाणीदार लाळ, कारण ती बनवणाऱ्या पेशी जास्त नाजूक असतात. चिकट लाळ बनवणाऱ्या काही पेशी तग धरतात. म्हणून तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात रुग्ण तक्रार करतात की तोंड कोरडं आहे आणि तरीही घशात तार धरणारा चिकट बेडका अडकलेला आहे. घरच्यांना यात विसंगती दिसते, ती नाही. त्याच सुमारास तोंड आतून सोलवटतं, चव जाते. सोलवटलेलं तोंड लाइट संपल्यावर काही आठवड्यांत भरून येतं, चवही बऱ्याच जणांची काही महिन्यांत हळूहळू परतते. लाळेचं तसं नाही. ग्रंथीला किती डोस बसला यावर सगळं ठरतं.

अमेरिकेत मिशिगन विद्यापीठातल्या आइसब्रुख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये दाखवलं, की पॅरॉटिडला मिळणारा सरासरी डोस २६ ग्रेच्या आत ठेवता आला तर ती ग्रंथी पुढे बऱ्यापैकी सावरते. त्यावर गेला तर सावरण्याची आशा मावळत जाते. हा आकडा हाती आल्यावर किरणांची आखणीच बदलली. आयएमआरटी या पद्धतीत किरणांची तीव्रता जागोजाग कमी-जास्त करून ते गाठीभोवती वळवता येतात आणि ग्रंथीवरचा भार हलका करता येतो. ब्रिटनमधल्या पारस्पोर्ट या चाचणीचे निष्कर्ष २०११ मध्ये आले. उपचारानंतर एक वर्षाने, जुन्या पद्धतीत ७४ टक्के रुग्णांना लक्षणीय कोरडेपणा होता आणि आयएमआरटी घेतलेल्यांत ३८ टक्क्यांना. आपल्याकडे टाटा स्मारक केंद्रातल्या डॉक्टरांनी ६० रुग्णांवर अशीच तुलना केली आणि २०१२ मध्ये ती प्रसिद्ध केली. आयएमआरटीच्या ३२ पैकी १९ जणांना उपचाराच्या काळात लाळेचा मध्यम किंवा त्याहून जास्त त्रास झाला, जुन्या त्रिमितीय पद्धतीच्या २८ पैकी २५ जणांना झाला. मला हा अभ्यास विशेष मोलाचा वाटतो, कारण तो आपल्याच रुग्णांवर झालेला आहे. त्यातला दुसरा अर्थही वाचायला हवा: चांगल्यातली चांगली पद्धत वापरूनही निम्म्याहून जास्त माणसांचं तोंड सुकलं. म्हणजे यंत्र आधुनिक आहे म्हणून पुढची काळजी घ्यायची गरज संपत नाही.

इथे आपल्या भागातल्या कॅन्सरबद्दल एक महत्त्वाचा मुद्दा. युरोप-अमेरिकेत घशाचे आणि जिभेच्या मुळाचे कॅन्सर जास्त, तिथे मानेच्या दोन्ही बाजूंना किरण द्यावे लागतात. आपल्याकडे तंबाखू आणि सुपारी गालात धरून ठेवण्याच्या सवयीमुळे गालाच्या आतल्या बाजूचे आणि हिरडीचे कॅन्सर जास्त. त्यात बहुधा आधी ऑपरेशन होतं आणि मग लाइट. गाठ एका बाजूला असेल तर पुष्कळदा त्याच बाजूला किरण देऊन भागतं आणि पलीकडची पॅरॉटिड वाचते. प्रत्येकाच्या बाबतीत हे शक्य नसतं. गाठ मधोमध आली किंवा दोन्ही बाजूंच्या लसिका गाठींचा धोका असेल तर लाळेसाठी कॅन्सरशी तडजोड करता येत नाही, आणि करूही नये. पण "डॉक्टर, माझी दुसऱ्या बाजूची ग्रंथी वाचेल का?" एवढा प्रश्न आखणी होण्याआधी विचारायला काही हरकत नाही. या पुस्तकातलं दुसरं प्रकरण रुग्णाला तो प्रश्न विचारण्याइतपत तयार करतं, आणि मला वाटतं हीच त्या प्रकरणाची खरी कमाई आहे. यंत्रांबद्दल त्यात थोडक्यात लिहिलं आहे, ते पुरेसं आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राने बनवलेलं भाभाट्रॉन हे कोबाल्ट यंत्र खारघरला २००५ मध्ये बसलं तेव्हापासून किरणोपचार स्वस्तात देण्याची सोय वाढली. ग्रंथी वाचवण्याचं बारीक काम मात्र मुख्यतः लिनॅक (लिनियर ॲक्सिलरेटर) यंत्रांवर होतं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत किरणोपचार येतात. योजनेखाली कोणत्या पद्धतीने लाइट मिळणार आहे, हेही भरती होताना विचारून घ्यावं.

आता माझ्या विषयाकडे येतो: दात.

लाळ गेली की तोंडातलं आम्ल धुतलं जात नाही आणि कवच भरून काढणारं कॅल्शियमही मिळत नाही. कीड लागते ती नेहमीसारखी दाढांच्या खाचांमध्ये लागत नाही. हिरडीला लागून, दाताच्या मानेभोवती, पुढच्या दातांच्या धारांवर ती पसरते, आणि वर्षभरात धडधाकट दिसणारा दात हिरडीपाशी काडकन मोडतो. दुखतही नाही फारसं, म्हणून कळत नाही. माणूस जवळच्या दवाखान्यात जातो आणि म्हणतो, काढून टाका. धोका खरा इथे आहे. किरण बसलेल्या जबड्याच्या हाडात रक्तपुरवठा कमी झालेला असतो. तिथे दात काढला तर जखम न भरता हाड उघडं पडण्याची, सडण्याची शक्यता असते, विशेषतः खालच्या जबड्यात. हा धोका पाच-दहा वर्षांनीही पूर्ण जात नाही. ऑपरेशनने कॅन्सर गेला, लाइटने तो परत आला नाही, आणि एका साध्या दाताने जबडा गेला, असं होताना मी पाहिलं आहे. त्या माणसाचा दोष नव्हता. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

म्हणून लाइट सुरू होण्याआधी दातांच्या डॉक्टरकडे जायचं. वाचवता न येणारे दात तेव्हाच, साधारण दोन-तीन आठवडे आधी काढून घ्यायचे, म्हणजे जखम भरायला वेळ मिळतो. दातांच्या मापाचे साचे बनवून घ्यायचे आणि त्यात फ्लोराइडची जेल घालून रोज लावायची, फक्त उपचार चालू असेपर्यंत नव्हे तर आयुष्यभर. किरणांचा डोस आणि जागा लिहिलेला कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून रेशनकार्डाशेजारी ठेवायचा, आणि कुठल्याही दंतवैद्याकडे गेलात की तोंड उघडण्याआधी तो दाखवायचा. माझ्या व्यवसायबंधूंनाही एक विनंती. गळ्यावर काळसर कातडी दिसली, ऑपरेशनची खूण दिसली, तर चिमटा हातात घेण्याआधी विचारा.

सुपारीबद्दल मला सविस्तर लिहायचं आहे, कारण आपण सुपारीच्या बागांच्या मुलखात राहतो. इथे पानाचा डबा घरच्या सोप्यावर असतो, पाहुण्याला पहिली सुपारी पुढे केली जाते, देवाच्या गाऱ्हाण्यातही ती असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २००४ मध्ये सुपारीला, तंबाखूशिवायच्या नुसत्या सुपारीलासुद्धा, माणसात कॅन्सर करणारा पदार्थ ठरवलं. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ मध्ये बंदी आली. सुपारी आणि तंबाखू मात्र खिशात राहिल्या, आणि घराघरात मिश्रीही. लाइट घेतलेली काही माणसं सुपारीकडे परत वळतात, आणि विचारलं तर खरं कारण सांगतात: सुपारी धरली की तोंडात पाणी येतं. हे खोटं नाही. सुपारीतलं अरेकोलिन हे द्रव्य लाळग्रंथीला जागं करणाऱ्या ज्या चेताग्राहींवर काम करतं, त्यांच्यावरच पायलोकार्पिन हे औषधही काम करतं, आणि ते औषध किरणांनंतरच्या कोरड्या तोंडासाठीच दिलं जातं. सुकलेल्या तोंडाचा माणूस म्हणूनच सुपारीला चटकन भुलतो. आपल्याला तो ओलावा मिळतो ते कॅन्सर जिथून सुरू झाला त्याच वस्तूकडून, हे त्याला शांतपणे, न रागावता सांगायला हवं. नुसतं "सोड म्हटलं ना" म्हणून ते सुटत नाही. पायलोकार्पिनबद्दल डॉक्टरांना विचारा, असं सांगितलं तर निदान दुसरा मार्ग दिसतो. त्या औषधाने घाम येतो, आटोक्यात नसलेला दमा किंवा अरुंद कोनाचा काचबिंदू असणाऱ्यांना ते चालत नाही, आणि ग्रंथीत थोडाफार जीव उरलेला असेल तरच त्याचा उपयोग होतो. कृत्रिम लाळेचे फवारे, साखर नसलेली चघळायची गोळी, रात्री उशाशी पाण्याचा तांब्या, यांचाही आधार घ्यावा. पुस्तकात औषधांचं प्रकरण आहेच, मी त्यात शिरत नाही.

स्वयंपाकाचं प्रकरण मात्र मी दोनदा वाचलं. रुग्णांना मिळणारे आहाराचे छापील तक्ते बहुधा शहरी स्वयंपाकघर डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले असतात. त्यात मलईचं सूप असतं, पुडिंग असतं. मालवणच्या घरात आधीपासून काय आहे हे त्यांना ठाऊक नसतं. उकड्या तांदळाची पेज आहे. सोलवटलेल्या तोंडाला ती कोमट, मऊ, थोडं मीठ घालून द्यावी. लोणच्याची फोड लावायची नाही. कुळथाची पिठी आहे, मिरची आणि लसणाशिवाय पातळ केलेली. नारळाचा रस आहे. त्यातली चरबी तोंडाच्या आतल्या अस्तराला ओलसर पातळ थर देते, म्हणून घावणं त्याच्यात भिजवली की सहज उतरतात. माशाचं मऊ मांस काटे काढून नारळाच्या पातळ रसात कुस्करून द्यावं. तिरफळ, मालवणी मसाला, चिंचेचा कोळ निदान पहिले काही महिने बाजूला ठेवावे. तळलेला बांगडा, कोंबडीवड्यातला वडा, सुकट, भाकरी ही सगळी कोरडी मंडळी. घासामागे घोटभर पाणी घ्यायची सवय लागल्यावरच त्यांच्याकडे जावं.

सोलकढीबद्दल मला नेहमी विचारतात. आंबट चवीने लाळ सुटते हे खरं, पण तोंड सोललेलं असताना कोकम झोंबतं, आणि लाळेचं संरक्षण नसलेल्या दातांवर रोजचं आंबट दाताचं कवच विरघळवतं. तोंड भरून आल्यावर, नारळाचा रस जास्त आणि आगळ थेंबभर, मिरची-लसूण न घालता, जेवणाबरोबर घ्यावी आणि लगेच साध्या पाण्याने चूळ भरावी. रसातल्या शिरवाळ्या, गुळाचं काहीही, मे महिन्यातला हापूस, यांनाही हेच लागू. गोड चिकटून राहतं आणि धुणारं कुणी नसतं. दर जेवणानंतर एक लिटर कोमट पाण्यात एक लहान चमचा खाण्याचा सोडा आणि एक लहान चमचा मीठ घालून चुळा भराव्या. दारू असलेलं बाजारातलं माउथवॉश नको, त्याने तोंड आणखी सुकतं.

या सगळ्यात एक गोष्ट वैद्यकाच्या पुस्तकांत सहसा येत नाही, या पुस्तकात आली आहे. कोरड्या तोंडाचा माणूस पंगतीत बसायचं टाळतो. घास चावायला त्याला इतरांच्या दुप्पट वेळ लागतो, पाणी सारखं लागतं, कधी ठसका लागतो, ते लोकांसमोर नको वाटतं. आंगणेवाडीच्या जत्रेला सगळं घर जातं, तो घरी राहतो. भजनात आवाज लावणाऱ्याची चार ओळींनंतर जीभ टाळूला चिकटते म्हणून तो मागच्या रांगेत सरकतो. दशावतारात रात्रभर संवाद म्हणणाऱ्याची तर रोजीरोटीच त्या ओलाव्यावर असते. घरातली बाई "चार घास खा रे" म्हणत मागे लागते, तो चिडतो, ती रडते, आणि दोघांनाही कळत नाही की भांडण लाळेवरून चाललं आहे. मला वाटतं, निम्मा त्रास केवळ हे कळल्याने हलका होतो.

हे पुस्तक कुणी आधी वाचावं, असं विचाराल तर मी म्हणेन, स्वयंपाक करणाऱ्या माणसाने. रुग्णाने ते वाचायला घेतलं तर पहिल्या प्रकरणापासून घेऊ नये. दातांचं प्रकरण मुंबईची, कोल्हापूरची, डेरवणची गाडी पकडण्याआधी वाचावं. लाइटची तारीख मिळाली असेल आणि दाढ दुखत असेल तर वाचतही बसू नये. त्याच दिवशी दातांच्या डॉक्टरकडे जावं आणि लाइट देणाऱ्या डॉक्टरांना फोन करून तसं कळवावं.